गुणवंतरावांच्या तुळशी

तुळशीचं लग्न उरकलं की गुणवंतराव आमच्या कॉलनीत दारोदार फिरू लागतात. फाटकाशी येतात, कडी वाजवतात आणि नमस्काराच्याही आधी विचारतात, "औंदा नवी सून आली का हो घरात?"

डोक्याला माकडटोपी, गळ्यात सुतळीनं अडकवलेलं थर्मामीटर आणि वय सत्तरीच्या पुढे. अशा अवतारातल्या माणसानं हा प्रश्न विचारल्यावर लोकांनी काय समजायचं? कोपऱ्यावरच्या घरातल्या पैलवान पोरानं एकदा त्यांना तोंडावर सांगितलं, "काका, माझ्या बायकोची चौकशी पुन्हा केली तर ती टोपी काढून हातात देईन." गुणवंतराव जरासुद्धा चिडले नाहीत. "हातात कशाला? तुळशीला घाला. मी सोसतो," म्हणाले आणि पुढच्या फाटकाकडे वळले.

हे मूळचे लातूरकडचे, पण कृषी खात्यातली सगळी नोकरी हदगाव, हिमायतनगर, नायगाव अशी आमच्या नांदेड जिल्ह्यात गेली. निवृत्त झाल्यावर माझ्या मागच्या गल्लीत घर बांधून राहिले. घरात दुसरं माणूस नाही. मी चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, म्हणून ते मला 'बाई' म्हणतात. इतरांशी ते चार शब्दांच्या पुढे जात नाहीत, पण थंडीचा विषय काढलात तर तुमचा तास भरलाच म्हणून समजा.

"थंडी काय वाऱ्यावर बसून येत न्हाई बाई," ते सांगतात. "दिवसभर तापलेली जमीन आपली ऊब वर सोडून देती. आभाळ मोकळं असलं की ती अडवायला कोणी न्हाई. दिवस उगवायच्या आधीची घटका सगळ्यात वाईट. तुळस उबेतलं झाड. पारा लई उतरला की मुळ्या गारठतात, पाणी वर चढवीत न्हाईत, पान काळं पडतं. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं. मग सकाळी सकाळी गार पाण्याची बादली ओततात. हिवानं कुडकुडणाऱ्या माणसाला थंड पाण्यानं आंघोळ!"

"मग हरभरा कसा टिकतो?" मी एकदा मुद्दाम विचारलं.

"हरभऱ्याला थंडी मानवती. अन् तो शेतातच उगवतो. थंडी रोज जरा जरा वाढती, तसा तो बी रोज जरा जरा घट्ट होतो. नर्सरीतलं रोप जाळीखाली लाडात वाढलेलं. त्याला एकदम उघड्यावर आणून ठेवायचं अन् म्हणायचं, धर तग! कसं धरल?"

त्यांचे उपाय साधे. पाणी दुपारी घालायचं, म्हणजे माती ऊब धरते. संध्याकाळी वरून गोणपाट टाकायचं आणि ऊन आलं की काढायचं. काळी पडलेली पानं तोडायची नाहीत, कारण तीच खालच्या डोळ्यांचं, म्हणजे नव्या कोंबांचं, पांघरूण असतात. आणि रोप मेलंसं वाटलं तर खोड नखानं जरासं खरवडून बघायचं. "खाली हिरवं हाय ना? मग जीव हाय. शिमग्यापर्यंत मेलं म्हणायची घाई नगं." हे वाक्य कॉलनीत इतकं मुरलं की पोरं चाचणी परीक्षेत नापास झाली तरी बापाला तेच ऐकवू लागली.

गोणपाट न देणाऱ्यांच्या तुळशींना ते स्वतःच कपडे घालत. माझ्या नवऱ्याचा हरवलेला मफलर मला चार घरं पलीकडच्या एका तुळशीच्या गळ्यात सापडला. नवऱ्यापेक्षा तिला बरा दिसत होता, म्हणून परत मागितला नाही. पण नव्या सुनेच्याच घरावर यांचा डोळा का, हे कुणाला कळलं नव्हतं. आम्ही बायका त्यावरून भरपूर हसायचो. हसणाऱ्यांत माझा आवाज मोठा होता.

गेल्या वर्षी माझ्या मुलाचं लग्न झालं. पल्लवी उदगीरची, कमी बोलणारी पोर. मुलगा नोकरीला लातूरला, शनिवारी येतो, रविवारी जातो. त्याला अजून तिथं खोली मिळाली नव्हती, म्हणून ती आमच्याजवळ. घरात नवी सून येणार म्हणून मी वृंदावन नवं रंगवून घेतलं आणि नर्सरीतून टवटवीत तुळशीची कुंडी आणून त्यात ठेवली. गुणवंतराव गोणपाट घेऊन आले, तर मीच त्यांना वाटेला लावलं. पाहुणेरावळे यायचे, त्यात नव्या रंगावर पोतं कसं दिसेल?

पंधरा दिवसांत थंडीनं कहर केला आणि तुळस शेंड्यापासून बुंध्यापर्यंत काळी पडली.

तेव्हा नायगावहून माझी नणंद आली होती. अंगणात उभी राहून ती म्हणाली, "वैनी, सून आली अन् तुळस गेली. पायगुण बघावा माणसानं." पल्लवी तेवढ्यात चहा घेऊन बाहेर आली होती. दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून एकीनं दुसरी घडवली असं होत नाही, हे मी जन्मभर पोरांना फळ्यावर शिकवलं. त्या दिवशी मी एक सुस्कारा टाकला आणि गप्प बसले. खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात तेच येऊन गेलं होतं. पल्लवीनं कप ठेवले आणि ती आत गेली. त्यानंतर ती घरातल्या घरात पाय न वाजवता चालू लागली.

दोन दिवसांनी सकाळी बघते तर तुळस हिरवीगार! मी नणंदेला फोन करून चमत्कार सांगितला. आठवड्यात ती पुन्हा काळवंडली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हिरवी. शिवाय आज तिला मंजिऱ्या होत्या, ज्या काल नव्हत्या. एवढं गणित मला येतं. पुन्हा पानं काळी पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पहाटे उठून स्वयंपाकघराच्या खिडकीत दबा धरून बसले.

उजाडायच्या जरा आधी मागच्या भिंतीवर माकडटोपी उगवली. मग एक पाय माझ्या कर्दळीत पडला, दुसरा भिंतीवरच राहिला, आणि काखेत कुंडी.

"गुणवंतराव!"

"बाई, आवाज नगं," ते कुजबुजले. "सून उठल."

मी त्यांना कर्दळीतून सोडवून स्वयंपाकघरात आणलं आणि चहा ठेवला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांच्या झोपायच्या खोलीत दिव्यांच्या उबेला तीस कुंड्या तुळशी आहेत, आणि हे स्वतः बाहेर ओट्यावर पोतं पांघरून झोपतात. ज्या घरात नवी सून, त्या घरची तुळस वाळली की हे गुपचूप बदलून टाकतात.

"पण कशासाठी हो एवढं?"

त्यांनी माकडटोपी काढून मांडीवर ठेवली. "तुळशीचं लग्न झालं की माणसांची लग्नं लागतात. सून घरात यायला अन् थंडी पडायला एकच गाठ पडती. तुळस मरती थंडीनं, अन् नाव येतं पोरीवर."

मी चहात साखर टाकली. मला त्यांच्याकडे बघवेना.

"माझी सुषमी हदगावकडं दिली होती," ते म्हणाले. "पहिल्याच थंडीत तिचा फोन आला. आप्पा, इथली तुळस वाळून राहिली. मी म्हणलं, घाबरू नगं, गोणपाट टाक, पाणी दुपारी घाल. सगळं सांगितलं. म्हणलं, नखानं खोड खरवडून बघ. फोन धरून तिनं बघितलं. म्हणाली, हिरवं हाय आप्पा. मी म्हणलं, मग काय काळजी न्हाई. ती म्हणाली, बरं. जरा वेळ काहीच बोलली न्हाई. मला वाटलं, झालं बोलणं. ठेवला फोन."

चहा उतू गेला, तो कुणीच पुसला नाही.

"माघात विहिरीत सापडली. पाय घसरला म्हणाले. शेजारणीनं मागून सांगितलं, सासू रोज सकाळी तिला त्या तुळशीपाशी उभी करून बोलायची. पोरगी तुळशीचं इचारत न्हवती बाई. अन् मी झाडाचंच सांगून राहिलो."

"आणि ती तुळस?" मी मूर्खासारखं विचारलं.

"शिमग्याला फुटली."

त्यांनी चहा घेतला नाही. कुंडी उचलून ते अंगणात गेले, आणि मी तशीच पल्लवीच्या खोलीकडे गेले. ती जागी होती. अंथरुणात बसली होती, किती वेळची कोण जाणे. मी कडेला बसले आणि घाईघाईनं म्हणाले, "अगं, तुळस थंडीनं वाळली होती. तुझा त्यात काही संबंध नाही."

"बरं," ती म्हणाली.

हेच 'बरं' मी आत्ताच स्वयंपाकघरात ऐकलं होतं. मीसुद्धा तुळशीचंच बोलले होते.

"पल्लवी," मी म्हणाले, "तुळस राहू दे. मी त्या दिवशी गप्प बसले, ते चुकलं माझं. तू कशी आहेस?"

"बरी आहे, आई." तिनं चादरीची घडी घालायला घेतली. घातलेली घडी मोडली आणि पुन्हा घातली. बाहेर गुणवंतराव कुंडी सरकवत होते, त्याचा आवाज येत होता. मग फाटकाची कडी वाजली आणि ते गेले. मी तिथून उठले नाही.