टकल्या ताऱ्याभोवतीचं कडं

तरुण ताऱ्याभोवतीच्या धुळीचा फोटो काढण्यात अख्ख्या चिलीत माझा हात धरणारा कोणी नाही, असं मी त्या रविवारपर्यंत मानत होतो. मानत होतो म्हणजे भेटेल त्याला सांगत होतो! सगळ्यात जास्त सांगितलं सासूबाईंना, आणि तिथेच घोळ झाला.

काम ऐकायला अवघड, करायला सोपं. तारा तरुण असला की त्याच्याभोवती कधी कधी धुळीचं कडं असतं. पुढे त्यातूनच ग्रह होतात. पण ताऱ्याच्या झगमगाटात ते दिसत नाही. ऊन डोळ्यांवर आलं की आपण हाताचा आडोसा करतो ना, तसा दुर्बिणीत कोरोनाग्राफ नावाचा आडोसा असतो. तो ताऱ्याला झाकतो आणि अवरक्त कॅमेरा आजूबाजूची धूळ टिपतो. तरी थोडा झगमगाट आडोशाच्या कडेने सांडतोच. म्हणून शेजारचा एक तसाच, पण भोवती काहीही नसलेला तारा शोधायचा, त्याचाही फोटो काढायचा आणि आपल्या ताऱ्याच्या फोटोतून वजा करायचा. झगमगाट जातो, धूळ उरते. झालं काम.

माझी बायको यास्ना माझ्याच विभागात आहे. पुढच्या मोसमात दुर्बीण आमच्या विभागाला एकाच ताऱ्यासाठी मिळणार होती. तिला तिचा तारा हवा होता, मला माझा. यास्ना तीन वर्षं आपल्या ताऱ्यामागे लागली होती. मी मात्र विभागप्रमुखांसमोर त्याची यथेच्छ टिंगल केली.

"यास्नाचा तारा टकला आहे. भोवती धुळीचा कणसुद्धा नाही. वजा करायला उत्तम!"

"फोटो काढून बघितलायस?" यास्नाने विचारलं.

"टक्कल ओळखायला फोटो कशाला?"

प्रमुख खो खो हसले आणि चाचणी मला दिली. कडं दिसलं तर पुढचा मोसम तुझा, म्हणाले. ला सेरेनाला घरी जाताना यास्नाने गाडीत डोळे मिटून घेतले. मला वाटलं, दमली असेल.

चाचणी झाली. माझ्या ताऱ्याचा फोटो निघाला आणि वजा करायला टकल्याचाही निघाला. शनिवारी सकाळी स्वयंपाकघरात बसून मी वजाबाकी केली. पडद्यावर मधोमध कडं होतं, पण काळं कुळकुळीत!

आता मला माझी खोड चांगली ठाऊक आहे. वजाबाकी उलटी करण्यात माझी ख्याती आहे. विभागात नवीन मुलं आली की त्यांना आधी माझे किस्से सांगतात. झाली परत उलटी, असं म्हणून मी एक बटण दाबलं आणि काळ्याचं पांढरं केलं. कडं असं झळकलं की मी पावाला लावायचा आव्होकाडो कॉफीत टाकला.

लगेच प्रमुखांना फोन केला, मग सासूबाईंना. यास्ना बाजारातून आली तेव्हा मी तिला स्वयंपाकघरात नाचतानाच दिसलो.

"अभिनंदन," ती म्हणाली. शेजाऱ्याने नवी गाडी घेतल्यावर म्हणतात तसं.

रविवारी आम्ही सासूबाईंकडे विकुन्या गावी जेवायला गेलो. एर्मिंदाबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, पोटात गोष्ट राहत नाही. अंगणात सगळी गल्ली जमली होती. सारण भरलेल्या एम्पानाद्यांचे डोंगर होते, केकवर कडेकडेने मानहारचं, म्हणजे आटवलेल्या गोड दुधाचं, कडं काढलं होतं आणि खाली माझं नाव लिहिलं होतं, 'अन्सेल्मो'. गावच्या रेडिओचे कुस्तोदियो ध्वनिक्षेपक घेऊन माझ्या तोंडाशी उभे.

"जावईबापू, बोला की. सगळं गाव ऐकतंय," सासूबाई म्हणाल्या.

मग काय, मी सुटलोच. "आधी कडं काळं आलं होतं, पण मी घाबरलो नाही. वजाबाकी उलटी झालीय हे मी तात्काळ पकडलं!"

समोर यास्नाचा काटा हवेतच थांबला.

"पकडलंस म्हणजे? क्रम तपासलास?"

"तपासायचं काय त्यात? मी नेहमीच उलटी करतो."

तिने पिशवीतून संगणक काढला आणि माझे फोटो उघडले. मी रेडिओवर स्वतःचं बालपण सांगत होतो, तेवढ्यात तिचा आवाज आला.

"अन्सेल्मो, तू आयुष्यात पहिल्यांदा वजाबाकी बरोबर केली होतीस."

"बघा!" मी कुस्तोदियोंना म्हणालो.

"बरोबर केली होतीस, म्हणून तर कडं काळं आलं. ते तुझ्या ताऱ्याचं नाहीच. ज्याला वजा केलंस, त्याचं आहे."

सासूबाईंना मात्र काही कळेना.

"अगं, पण मग कडं कोणाचं?"

"टकल्याचं, आई. माझ्या टकल्याचं." यास्ना हसत होती आणि डोळे पुसत होती.

"आपण थेट प्रक्षेपणात आहोत," कुस्तोदियो माझ्या कानात कुजबुजले.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं सांगतो, यास्नाचा तो चेहरा बघून बरंही वाटलं. तीन वर्षं ती बरोबर होती आणि मी तोंड वर करून हसत होतो. मी तिथूनच प्रमुखांना फोन लावला आणि पुढचा मोसम यास्नाच्या ताऱ्याला द्या म्हणून सांगितलं. ते पुन्हा खो खो हसले. तेही गावाने ऐकलं.

सासूबाईंनी सुरीने केकवरचं माझं नाव खरवडलं आणि उरलेल्या मानहारने लेकीचं लिहिलं. मग विचारात पडल्या.

"यास्ना, मग जावईबापूंच्या ताऱ्याभोवती काय आहे?"

"काही नाही, आई."

"अगदीच काही नाही? मग त्याचं आता करणार काय?"

यास्नाने माझ्याकडे बघितलं. "वजा करायला उत्तम."

सासूबाईंनी केक कापला. मला मधला तुकडा आला. त्यावर कडं नव्हतं.