रात्री घालायचं म्हणजे रात्रीच

वॉचमनने बसायचं नाही, असा ठराव नाहूरच्या त्या सोसायटीने एकमताने केला होता. बसला की डोळा लागतो, हे सेक्रेटरी यज्ञेश सावे यांचं संशोधन. सावे स्वतः बँकेत तीस वर्षं बसून निवृत्त झालेले. गेटवरची खुर्ची गच्चीवर गेली आणि अंबादास रात्री आठ ते सकाळी आठ उभा राहू लागला. सहा महिन्यांत टाच अशी धरली, की झोपून उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना त्याला आई आठवायची.

डॉक्टरने दोन मिनिटं दिली. काम काय करतोस, झोपतोस कधी, असल्या फालतू चौकशीला वेळ कुठला?

"नाईट स्प्लिंट घे. रात्री घालायचं, सकाळी काढायचं. सहा आठवडे."

इंग्रजीत काहीतरी खरडलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

स्प्लिंट म्हणजे पाऊल काटकोनात जखडून ठेवणारा प्लास्टिकचा बूट. अंबादासने तो रात्री आठला चढवला आणि ड्युटीवर उभा राहिला. सकाळी काढला आणि घरी जाऊन झोपला.

"अहो, झोपताना घालायचं असंल ते," बायको शेवंती म्हणाली.

"मी झोपतो दिवसा. याचं नावच नाईट आहे. डॉक्टर तू का मी?"

"दोघंबी नाय. म्हणून तर म्हणते, विचारून या."

गेला नाही. चौथ्या रात्री जेवण जिरवायला खाली उतरलेल्या सावेंनी त्याला पाय ओढताना पाहिलं.

"कुठे पडलास रे?"

"पडलो नाय साहेब. उभा होतो."

"उभं राहून कुणाचा पाय मोडतो का? रॅम्पवर घसरलास ना?"

रॅम्पची निखळलेली लादी वर्षभर अजेंड्यावर होती. अजेंड्यावरच होती. सावेंनी तिथूनच सिक्युरिटी एजन्सीच्या निलेशला फोन लावला.

"उद्यापासून दुसरा माणूस पाठव."

"पाठवतो ना सर. पण ड्युटीवर लागलं असेल तर आधी अपघाताचा रिपोर्ट करावा लागेल. तुमची सही पाहिजे."

सावेंनी फोन कापला. तासाभरात खुर्ची खाली आली. तिच्यावर बसलेल्या अंबादासचा फोटो ग्रुपवर पडला, खाली 'माणुसकी अजून जिवंत आहे.' चाळीस जणांनी हात जोडले. खुर्ची काढायला वर झालेले हात तेच.

शिवाय लेटरहेडवर एक कागद निघाला: 'वॉचमनने सहा आठवडे डॉक्टरांच्या सूचना ड्युटीवर तंतोतंत पाळाव्यात. न पाळल्यास सोसायटी जबाबदार नाही.' खाली अंबादासची सही, सावेंची सही आणि शिक्का. एक प्रत त्याच्या खिशात कोंबली.

अंबादास बसला. बूट घातलेला पाय लांब केला आणि घोरायला लागला. त्या रात्रीपासून बूट रोज झोपलेल्या पायात राहू लागला. दहा दिवसांत टाच निम्मी बरी. देवमाणूस आहे डॉक्टर, असं तो शेवंतीला सांगत सुटला.

पुढच्याच रात्री सावेंनी मोबाईलवर सीसीटीव्ही उघडला आणि तसेच लुंगीवर खाली धावले.

"ऊठ! उद्यापासून येऊ नकोस."

"साहेब, पोरगी दहावीला आहे. काढू नका."

"डॉक्टरने झोपायला सांगितलंय का तुला? दाखव तो कागद!"

अंबादासने डॉक्टरची चिठ्ठी दिली. त्याची चांगली जिरवावी म्हणून सावेंनी मोठ्याने वाचली, "वेअर ओन्ली व्हाइल स्लीपिंग. मिनिमम सिक्स अवर्स."

आणि चिठ्ठी उलटून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं.

"म्हणजे काय साहेब?" अंबादासला खरंच कळलं नव्हतं.

"झोपतानाच घालायचं," सावे पुटपुटले. "कमीत कमी सहा तास."

अंबादासने डोकं खाजवलं. मग खिशातून दुसरा कागद काढला.

"आणि ड्युटीवर तंतोतंत पाळायचं. तुमचीच सही आहे ना ही?"

"दिवसा घाल ना घरी!"

"ड्युटीवर लिवलंय, साहेब. दुसरीकडं घातलं आन् पाय गेला, तर जबाबदार कोण? निलेश सरांना विचारू?"

"नको, नको!" सावेंनी घाम पुसला. "किती आठवडे राहिले?"

"चार."

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली आणि हॉर्न वाजला. अंबादास पुन्हा खुर्चीत डोळे मिटून पडला होता. सावे लुंगी सावरत धावले, दोन्ही हातांनी गेट ओढलं आणि ड्रायव्हरला दबक्या आवाजात खेकसले,

"हॉर्न नको! पेशंट झोपलाय."