न हललेलं पाणमांजर

सहल निवडण्यात त्रुटीसाहेबांची चूक होणं शक्यच नव्हतं! सव्वीस वर्षं परवाना कार्यालयाच्या खिडकीत बसून ज्या माणसानं जगाच्या अर्जांतल्या चुका काढल्या, तो स्वतः चुकेल कसा? सही चौकटीबाहेर गेली, अर्ज परत. तारीख राहिली, अर्ज परत. आणि सगळंच बरोबर असलं तर संशय यायचा, म्हणून अर्ज पुन्हा पहिल्यापासून! हे टोपणनाव कार्यालयानंच त्यांना दिलेलं, आणि ते त्यांना पदवीसारखं वाटायचं.

सहलीचं कारण मात्र कॅमेरा नव्हतं. कॅमेरा चार महिन्यांपूर्वी आला, खरं कारण त्याच्याही आधीपासून घरात होतं. लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली आणि घर एकदम गप्प झालं. बायको रक्ततपासणीच्या लॅबमध्ये. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पेशी मोजायची, त्यामुळे मोजायची सवय तिच्या हाडीमांसी खिळलेली. एका संध्याकाळी ती म्हणाली, "आज आपण किती शब्द बोललो सांगू? एकोणीस. त्यातले आठ 'गॅस बंद केलास का' यात गेले. दोनदा विचारलंत."

"मग केला होतास ना?"

"अहो, आपण नवरा-बायको आहोत की एका मजल्यावरचे भाडेकरू? कुठेतरी जाऊया. दोघंच."

त्रुटीसाहेबांच्या काळजात चर्र झालं. पण काळजात चर्र झालं की दुसरी माणसं काहीतरी बोलतात, हे तक्ता आखायला घेत. नवा कॅमेरा होताच, तेव्हा वन्यजीव छायाचित्रणाची सहल ठरली. अकरा सहलींची माहितीपत्रकं आली, अकरा ओळींचा तक्ता झाला. अंतर, प्राण्यांची संख्या, स्वच्छतागृह, प्रत्येकाला गुण!

"ही बघ, सात प्राणी, चार दिवस! म्हणजे दिवसाला पावणेदोन!"

"पाऊण प्राण्याचा फोटो कसा काढणार?" बायकोनं चष्म्यावरून पाहिलं. "मला विचाराल तर ही घ्या. एकच नदी, एकच प्राणी, पाच दिवस."

"एकाच पाणमांजरासाठी पाच दिवस? आपण नवशिके आहोत गं. नवशिक्यानं जिथे जास्त प्राणी तिथे जावं. एक सुटला, दुसरा आहेच!"

"नवशिक्यानं एकाकडे नीट बघायला शिकावं," ती म्हणाली आणि माहितीपत्रकातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. 'नवशिक्यांसाठी दोघांत एक लपण.' लपण म्हणजे नदीकाठची बोरूची झोपडी. आत एक बाकडं, पुढे कॅमेरा बाहेर काढण्यापुरती खिडकी. "सकाळी तीन तास, दुपारी तीन तास. आपण दोघंच. टीव्ही नाही, वर्तमानपत्र नाही."

तिचं ते 'दोघंच' त्यांना कागदावरच्या बोटापेक्षा जास्त लागलं. तक्त्यात ती सहल नववी होती. त्यांनी गुणांत दुरुस्ती करून तिला पहिली केली. आयुष्यातली पहिली खाडाखोड!

इथवर सगळं बरं चाललं होतं. मग अर्ज आले. माणशी एक. बायकोनं 'नवशिके' या चौकटीत खूण केली आणि ती कपडे वाळत घालायला गेली. त्रुटीसाहेबांनी त्या चौकटीखालचा बारीक मजकूर वाचला. 'कॅमेरा कसा धरावा इथपासून शिकवले जाईल.' हे मात्र त्यांना झोंबलं! थर्मासएवढी लेन्स बाळगणाऱ्या माणसाला कॅमेरा धरायला शिकवणार? त्यांनी खाडकन 'जाणकार' या चौकटीत खूण केली. नवरा-बायकोला थोडेच वेगळं काढणार आहेत!

जाणकारांनी स्वतः काढलेला एक फोटो जोडायचा होता. चार महिन्यांची कमाई पाहिली तर कावळ्याच्या फोटोत तार होती आणि कावळा गेलेला, शेजारच्या कुत्र्याच्या फोटोत एक तपकिरी फराटा. एकच फोटो लाखात एक आला होता. दर रविवारी ते वस्तुसंग्रहालयात सराव करत, कारण तिथले प्राणी शिस्तीचे. काचेच्या पेटीत पेंढा भरलेलं पाणमांजर होतं, तोंडात मासा धरलेलं. एकेक मिशी मोजून घ्यावी इतकं स्वच्छ आलेलं! अर्जात 'स्वतः काढलेला' एवढंच लिहिलं होतं. प्राणी जिवंत हवा असं कुठे होतं? ती अर्जाची त्रुटी! त्यांनी फोटो जोडला.

दुसऱ्याच दिवशी सहलीच्या आयोजक बाईंचा फोन आला.

"साहेब, काय फोटो आहे हो! इतक्या जवळून! त्याला तुमची चाहूलसुद्धा लागली नाही?"

"नाही बुवा."

"हललं नाही?"

"अजिबात नाही."

"बराच वेळ बसला असाल?"

"बसायला तिथे बाक होता," त्रुटीसाहेब म्हणाले. यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि हीच तर खरी पंचाईत!

नदीकाठच्या तळावर पोचले आणि पहिल्याच सकाळी बाईंनी याद्या वाचल्या. बायको नवशिक्यांत, तिच्या जोडीला एक निवृत्त पोस्टमास्तरीणबाई. त्रुटीसाहेब जाणकारांच्या नावेत.

"हे काय?" बायकोचा चेहरा उतरला. "वेगळे का टाकले आपल्याला?"

खरं सांगायची हीच वेळ होती. पण मागे नावेतली मंडळी उभी होती.

"त्यांनीच टाकलं मला तिकडे," ते म्हणाले. आता मात्र हे खोटं होतं. लहानसं, चार शब्दांचं.

नावेत तीन जाणकार होते. त्यांचे म्होरके एक दाढीवाले गृहस्थ, पाण्याकडे असे बघायचे की पाण्यानं कागदपत्रं दाखवावीत! पण त्रुटीसाहेबांपुढे तेही नरमलेले, कारण बाईंनी तो फोटो नावेतल्या सगळ्यांना दाखवला होता.

"साहेब, इथे छिद्र किती ठेवू?" दाढीवाल्यांनी विचारलं.

भिंगाचं छिद्र कमी-जास्त करता येतं हेच त्रुटीसाहेबांना तेव्हा कळलं. त्यांनी खिडकीतला जुना उपाय काढला. भुवई वर केली आणि म्हणाले, "तुमचं तुम्हीच बघा एकदा."

"वा!" दाढीवाले शेजाऱ्याच्या कानात म्हणाले. "आयतं देत नाहीत. गुरू असावा तर असा."

असे तीन दिवस गेले. पाणमांजराची शेपूटही दिसली नाही, आणि त्याचंही श्रेय त्यांनाच मिळालं. म्हणे साहेब प्राण्याला त्रास द्यायचा नाही म्हणून कॅमेराच उचलत नाहीत! दुपारी बायको पोस्टमास्तरीणबाईंबरोबर हसत परतायची. तीन दिवसांत तिनं त्या बाईंना काय काय सांगितलं असेल! जेवायला दोन गटांची दोन टेबलं. तिसऱ्या दिवशी त्रुटीसाहेबांनी हिशेब केला. बायकोशी दिवसभरात सात शब्द झाले होते. घरी निदान एकोणीस तरी होते!

चौथ्या दिवशी सकाळी ते आयोजक बाईंकडे गेले. "मला नवशिक्यांत टाका."

"साहेब, किती चेष्टा करता! आज दुपारी तर तुमचं व्याख्यान ठेवलंय. 'प्राण्याचा विश्वास कसा मिळवावा.' दोन्ही गट येणार आहेत!"

जेवणघराचे पडदे ओढले गेले आणि ते पाणमांजर भिंतीवर मावेना इतकं मोठं झालं. मासा तर माणसाएवढा! दाढीवाल्यांनी टाळ्या सुरू केल्या. तिसऱ्या रांगेत बायको बसली होती. तिनं हा फोटो पाहिलाच नव्हता. आता ती पाहत होती, मान किंचित वाकडी करून, जशी काचपट्टीवरच्या थेंबाकडे बघते तशी.

"साहेब," पोस्टमास्तरीणबाईंनी हात वर केला, "याच्या शेपटीपाशी लाल काय आहे?"

सगळ्यांनी माना पुढे काढल्या. शेपटीच्या वर काचेत एक लाल, उभी, गोलसर गोष्ट चमकत होती.

"रानफूल असणार," दाढीवाले म्हणाले. "किंवा खंड्या पक्ष्याची चोच."

वाट होती! सरळ, स्वच्छ, दुसऱ्यानं करून दिलेली वाट. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. त्रुटीसाहेबांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. बायकोला कळलं होतं. पण ती वाट बघत होती. किती वर्षं ती अशी वाट बघत असेल, हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

"ते आग विझवायचं नळकांडं आहे," ते म्हणाले. "समोरच्या भिंतीवरचं. काचेत दिसतंय."

"जंगलात?" दाढीवाले.

"वस्तुसंग्रहालयात."

"पण तुम्ही तर म्हणालात की ते हललं नाही..." आयोजक बाई म्हणाल्या.

"नाही हललं. गेली चाळीस वर्षं हललेलं नाही. पाटीवर लिहिलंय."

आधी पोस्टमास्तरीणबाई हसल्या, मग छप्पर उडेल इतकं सगळेच हसले. दाढीवाले तेवढे हसले नाहीत. त्यांनी वहीतली तीन दिवसांची टिपणं शांतपणे फाडली. हशा ओसरल्यावर त्रुटीसाहेब म्हणाले, "आणखी एक आहे. मला नावेत कोणी टाकलं नाही. ती खूण मीच केली होती." हे कोणाला सांगितलं ते सगळ्यांना कळलं नाही. जिला कळायचं तिनं मान खाली घातली.

संध्याकाळी पोस्टमास्तरीणबाई आपण होऊन आल्या. "उद्या मी नावेत जाते. बाकड्यावर बसून पाठीचं पार लाकूड झालंय," असं म्हणाल्या, पण चालताना त्यांची पाठ चांगली ताठ होती.

शेवटची सकाळ. लपणात बाकडं इतकं लहान की खांद्याला खांदा लागत होता. बोलायचंच तर ओठांतल्या ओठांत, अशी ताकीद होती. बायकोनं पुढे वाकून डोळा खिडकीला लावला तो लावलाच. तास गेला. ती रागावली होती की नाही, ते पाठमोऱ्या मानेवरून कळेना.

शेवटी त्रुटीसाहेबच कुजबुजले. "लेक गेली ना, तेव्हापासून मी कार्यालयात उगाच बसून राहतो. काम नसतं. घरी आलो की दाराशी तिच्या चपला नसतात. तुला सांगावंसं वाटायचं. मग वाटायचं, तू तर सावरलीस, तुला कशाला पुन्हा रडवायचं. म्हणून गॅसचं विचारायचो."

ती हलली नाही. फक्त तिचा हात मागे आला आणि त्यांच्या हातावर टेकला. मग ते बोलतच सुटले. लेकीच्या खोलीत जाऊन दिवा लावून बसतात ते. निवृत्तीची भीती वाटते ते. नळकांड्याच्या वेळी आपण पळ काढू असं तिला वाटलं का, तेही विचारलं. तिनं मानेनंच 'नाही' म्हटलं. सव्वीस वर्षांत कोणत्याही अर्जदारानं त्यांच्यापुढे मन इतकं मोकळं केलं नसेल.

तळावरून परतीची शिट्टी वाजली. त्रुटीसाहेबांनी कॅमेरा पिशवीत घातला आणि सुस्कारा सोडला. "पाच दिवस वाया. पाणमांजर काही आलं नाही."

"आलं होतं की," बायको डोळे पुसत म्हणाली. "समोरच्या खडकावर. चांगलं दहा मिनिटं बसलं होतं. पिल्लं घेऊन."

"काय सांगतेस! अगं, मग मला सांगायचं नाही का? तू तरी फोटो काढायचास!"

"खटका दाबला असता तर तुम्ही थांबला असतात. किती दिवसांनी बोलत होतात."

त्रुटीसाहेब उठले. तिची पिशवी खांद्याला लावली, आपलीही लावली. चार पावलं चालल्यावर मात्र त्यांना राहवेना.

"दोन होती का गं पिल्लं?"

"तीन," ती म्हणाली.