पायाचा वर्ग

मास्तर बुटाचे बंद बांधायला वाकले की त्यांच्या बायकोला ते स्वयंपाकघरात कळायचं. आधी एक लांब 'आई गं', मग पलंगाची कुरकुर, मग बराच वेळ काहीच नाही. शेवटी ती हात पुसत बाहेर यायची आणि म्हणायची, "राहू द्या. मी बांधते."

बावीस वर्षं ते ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत होते. रोज नऊ शिकाऊ. मास्तर शेजारच्या सीटवर, पायाखाली जादाचा ब्रेक. शिकाऊ गडबडला की मास्तरांचा पाय ब्रेकवर आणि हात स्टिअरिंगवर आपोआप जायचा. ही सवय अंगात इतकी मुरली होती की टीव्हीवर कुणी भरधाव गाडी वळवली तरी सोफ्यासमोरचं पायपुसणं दाबलं जायचं. संध्याकाळी घरी येईपर्यंत माणसाचं पार चिपाड व्हायचं. तोंडातून शब्द काढायचाही कंटाळा.

"तुम्ही व्यायामाला जा," बायको म्हणाली. "कोपऱ्यावर एक वर्ग चालतो. सगळे मिळून करतात, गाणी लावून. मी नाव घालून आलेय."

"मला विचारलं नाहीस?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

सोमवारी संध्याकाळी मास्तर गेले.

वर्ग घेणारी ताई त्यांचीच जुनी विद्यार्थिनी निघाली. दोन वर्षांपूर्वी गाडी शिकली होती. मास्तरांना बघून तिला आनंद झाला. तिने त्यांना उभं केलं, वाकवलं, खुर्चीत बसवून हात न टेकता उठायला सांगितलं. मास्तर तिसऱ्या झोक्याला उठले.

"सर, तुम्ही चार आठवडे खालच्या खोलीत," ती म्हणाली. "मग वर हॉलमध्ये."

खालच्या खोलीच्या दारावर कागद चिकटवला होता : 'पायाचा वर्ग'.

"माझ्या पायाला काय झालंय?" मास्तर म्हणाले. "दुखते ती कंबर."

"पाय नाही हो सर, पाया. इमारतीचा असतो तो."

मास्तरांनी आत डोकावलं. साठी-सत्तरीची पाच माणसं खुर्चीवरून उठत होती आणि परत बसत होती. एक निवृत्त ग्रंथपालबाई भिंतीला हात टेकून, भिंत पडू नये म्हणून धरल्यासारख्या उभ्या होत्या. वरून गाण्याचा ठेका आणि तीस माणसांच्या उड्या ऐकू येत होत्या. छताचा पंखा त्या ठेक्यावर हलत होता.

"उठणं-बसणं मला येतं," मास्तर म्हणाले. "चोपन्न वर्षं तेच करतोय."

"तुम्ही मला तीन दिवस बंद गाडीत बसवलं होतं, सर. नुसतं क्लच, ब्रेक, आरसा. मी किती कुरकुर केली होती."

"गाडीची गोष्ट वेगळी. गाडीखाली माणसं जातात."

"इथे जात नाहीत. पण लंगडत घरी जातात."

शिष्याने गुरूला त्याचाच धडा ऐकवावा, हे मास्तरांना त्या कंबरेपेक्षा जास्त लागलं. त्या दिवशी ते खोलीत बसले-उठले, पण मनातून उठलेच होते. बुधवारी खालच्या मंडळींना काम नेमून देऊन ताई हॉलमध्ये शिरल्याचं पाहून ते हळूच जिना चढले आणि अगदी मागच्या रांगेत, बँकेत काम करणाऱ्या एका ओळखीच्या आडदांड गृहस्थांच्या मागे उभे राहिले. त्या गृहस्थांच्या पाठीआड एक छोटी मोटारही लपली असती.

पहिली दहा मिनिटं झकास गेली. ताई समोर चौथऱ्यावर होती. बँकवाले हात वर करत, मास्तरही करत. बँकवाले डावीकडे सरकत, मास्तर थोडे उशिरा सरकत. एवढं सोपं असताना त्या बिचाऱ्या पाच जणांना खाली का कोंडलंय, असाही विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

तेवढ्यात ताई म्हणाली, "आता सगळ्यांनी मागच्या भिंतीकडे तोंड करा."

तीस माणसं गर्रकन वळली. मास्तरही वळले, आणि त्यांच्यासमोर भिंतीशिवाय काहीच उरलं नाही. शेवटची रांग पहिली झाली होती आणि त्या रांगेच्या मधोमध ते होते. ताई गर्दीतून वाट काढत दुसऱ्या टोकाला यायला निघाली होती. ती येईपर्यंत लोकांना बघायला समोर एकच माणूस होता.

मास्तरांनी हात वर केले. मागे तीस जोडी हात वर गेले. ते एक पाऊल उजवीकडे सरकले. अख्खा हॉल सरकला. इथवर निभावलं. पण शेजारची एक मुलगी जोरात आडवी आली आणि बावीस वर्षांच्या सवयीने आपलं काम केलं. मास्तरांचा उजवा पाय धाडकन जमिनीवर आपटला, हात हवेतलं स्टिअरिंग धरायला बाजूला गेला आणि मान आरशात बघायला वळली.

हॉलमध्ये तीस पाय धाडकन आपटले. तीस हात बाजूला गेले.

या सगळ्यात मास्तरांचं अंग तीन दिशांना वळलं होतं. कमरेत काहीतरी 'कट' झालं. उसण भरली. ती पण अशी की ते अर्धवट वाकून, एक हात लांब करून जिथल्या तिथे अडकले. श्वास घेतला तरी कळ येत होती. तोंडातून आवाज काढायची सोय नव्हती.

ताई गर्दीतून पलीकडे पोचली तेव्हा तिचा सगळा वर्ग दुकानांच्या छज्ज्यांसारखा ओळीने वाकून उभा होता. गाणं चालू होतं.

"हे काय चाललंय?" तिने विचारलं.

"कोण जाणे," बँकवाले कसेबसे म्हणाले. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. "मास्तरांनी धरून ठेवलंय, म्हणून आम्हीही धरलंय."

मास्तरांना दोघांनी धरून जिन्यावरून खाली आणलं. खालच्या खोलीतली मंडळी उठता-बसता थांबून बघत राहिली. ग्रंथपालबाईंनी आपली खुर्ची दिली. मंडळी हसली असती तर बरं, असं मास्तरांना वाटलं.

घरी बायकोने विचारलं, "कसा झाला वर्ग?"

"चांगला झाला," मास्तर म्हणाले आणि उभ्याउभ्याच जेवले.

ही थाप रात्रीपुरती टिकली. सकाळी फोन आला तेव्हा मास्तर न्हाणीघरात बनियनमधून एक हात काढायच्या खटपटीत होते. फोन बायकोने घेतला.

"वहिनी, मी मास्तरांच्या वर्गातला बँकवाला बोलतोय. मास्तरांना जरा विचारता का, कालचं ते वाकून धरायचं कितपत? मी घरी करून बघतोय. मला वाटतं माझ्या खांद्याला त्याने उतार पडलाय."

बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग न्हाणीघराच्या दाराशी येऊन म्हणाली, "अहो, तुमचं बनियन कात्रीने कापू का?"

मग तिनेच बनियन कापलं. मोजे घातले, बूट घातले, बंद बांधले, आणि मास्तर फळीसारखे ताठ होऊन कामावर गेले. पहिले दोन शिकाऊ बरे होते. तिसऱ्या होत्या शाळेच्या मुख्याध्यापिका. आठव्या दिवशीही गाडी आपल्या आवाजाला घाबरून थांबेल अशी त्यांची समजूत होती. स्कूलच्या फाटकातून आत वळताना त्यांनी खांबाकडे रोखून पाहिलं आणि गाडी सरळ खांबाकडे नेली. मास्तरांनी ब्रेकसाठी पाय उचलला. उचलला म्हणजे उचलायचं ठरवलं. कमरेतून अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. काजवे विझेपर्यंत पुढचा दिवा फुटला होता.

"तुम्ही ब्रेक का नाही दाबला?" मुख्याध्यापिकांनी वर्गातल्या आवाजात विचारलं.

"तुम्ही का नाही दाबला?" मास्तर म्हणाले. पण त्यांचा स्वतःचाच आवाज त्यांना पटला नाही.

मालक बाहेर आले. त्यांनी दिवा पाहिला, खांब पाहिला, आणि गाडीतून उतरण्याऐवजी गाडीसकट उभं राहू पाहणारे मास्तर पाहिले.

"मास्तर, तुमच्या पायावर लोकांची पोरंबाळं सोडलेली असतात," ते हळू आवाजात म्हणाले. "डॉक्टरचं लिहून आणा, तोवर गाडीत बसू नका. नाहीच जमलं तर आत फोनवर बसा."

फोनवर बसण्याची कल्पना मास्तरांना उसणीपेक्षाही असह्य झाली. ते दुपारीच डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी आठ दिवसांची विश्रांती आणि गोळ्या दिल्या. दाखल्याचा विषय काढताच म्हणाले, "मोडलेलं काही नाही. पण वाकायचं कसं, उठायचं कसं, तेच तुम्हाला येत नाही. ते शिकून या, मग देतो. कोपऱ्यावर एक बाई शिकवतात. खालच्या खोलीत."

नवव्या दिवशी मास्तर खालच्या खोलीत खुर्चीसमोर उभे होते. ताई म्हणाली, "बसा, सर." एवढंच. गुडघे पायाच्या बोटांच्या रोखाने, पाठ सरळ, बूड मागे न्यायचं आणि सावकाश टेकायचं. मग टाचांवर भार देऊन उठायचं. चोपन्न वर्षं आपण बसत नव्हतो, पडत होतो, हे मास्तरांना दुसऱ्याच दिवशी कळलं. वाकायचं ते कंबर मोडून नाही, खुब्यातून, हे तिसऱ्या दिवशी कळलं. दोन आठवड्यांनी एका सकाळी त्यांनी बुटाचे बंद स्वतः बांधले. बायको स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघून गेली.

चार आठवडे झाले. दाखला मिळाला, मास्तर पुन्हा गाडीत बसू लागले. मुख्याध्यापिका दुसऱ्या प्रयत्नात परीक्षा पास झाल्या. कंबर दुखायची थांबली होती. दमणूक मात्र तशीच होती. दिवसभर दुसऱ्याच्या पायांवर नजर, दुसऱ्याच्या चुका आधीच ओळखायच्या, ओरडायचं आणि ओरडल्याबद्दल समजूत काढायची. संध्याकाळी खालच्या खोलीत आलं की कुणीतरी बसा म्हणायचं आणि ते बसायचे. उठा म्हटलं की उठायचे. कुणावर लक्ष ठेवायचं नव्हतं. डोक्यावर तीस माणसं उड्या मारत होती, पण ती जबाबदारी त्यांची नव्हती. असा पाऊण तास त्यांना बावीस वर्षांत मिळाला नव्हता.

आणि नेमकी ताई वही घेऊन आली. "आज एका पायावर तीस आकडे. ज्यांना जमेल ते उद्यापासून वर. सर, तुमची तर तयारी झालीच आहे. बँकवाले काका रोज तुमची चौकशी करतात."

सगळे एका पायावर उभे राहिले. ताई आकडे मोजू लागली. मास्तरांचा पाय खांबासारखा स्थिर होता. वीस झाले, पंचवीस झाले. खोलीत कुणी हलत नव्हतं. एवढी कसलेली माणसं अजून खाली कशी, याचं मास्तरांना पहिल्यांदाच नवल वाटलं.

"तुम्ही कधीपासून येता?" त्यांनी शेजारच्या ग्रंथपालबाईंना दबक्या आवाजात विचारलं.

"चौदा महिने झाले," त्या समोर बघत म्हणाल्या.

"अजून जमत नाही?"

"न जमायला काय झालं? पण वर जाऊन उड्या कोण मारणार?"

"सत्तावीस," ताई म्हणाली.

मास्तरांनी पाय खाली टेकवला.

"घाई केलीत," ग्रंथपालबाई पुटपुटल्या. "एकोणतीसला टेकायचा. नाहीतर तिला संशय येतो."

"एकोणतीस," ताई म्हणाली, आणि एकामागून एक पाच पाय जमिनीवर आले. ताईने सगळ्यांकडे एकदा पाहिलं, मास्तरांकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि वहीत काहीतरी लिहिलं.

"हरकत नाही, सर," ती म्हणाली. "काहींना वेळ लागतो. बसा."

मास्तर पाठ सरळ ठेवून, अगदी सावकाश बसले.