बुडबुड्यांचे सलीम सर

सलीम सर घरी आलेल्या माणसाला चहा विचारत नाहीत. थेट गच्चीवर नेतात. तिथं पुरुषभर उंचीचा पारदर्शक पाइप उभा आहे. खालून मोटर पाणी ढकलते, माशांच्या काचपेटीतला छोटा पंप हवा सोडतो आणि सर ओरडतात, "पाहा भाऊ, आता बुडबुड्यांची गर्दी फुटते!"

सर आमच्या मानोऱ्याच्या कॉलेजात गणित शिकवतात. मी तिथंच कारकून, शिवाय त्यांचा शेजारी. म्हणजे सुटका कुठंच नाही. खळाळत्या पाण्यातले भोवरे बुडबुड्यांना कसे पांगवतात, याचं गणित ते कित्येक वर्षं मांडत आहेत. गणित म्हणतं, बुडबुडे पाइपभर सारखे पसरतील. बुडबुडे मात्र कडेकडेनं जातात.

"दोघांतलं एक खोटं बोलून राह्यलं," सर म्हणतात. "अन् बुडबुडा कायले खोटं बोलीन?"

यंदा कॉलेज तपासायला समिती येणार म्हटल्यावर प्राचार्यांना एकाएकी संशोधन आठवलं. पाइप हातगाडीवरून सभागृहात आला. त्याला हार घातला, नारळ फोडला. प्राचार्य सलीम सरांच्या कानाशी लागले, "आकडे जरा गणिताशी जुळवून घ्या. समिती काय बुडबुडे मोजून राह्यली?"

समितीपुढं सरांनी मोटर चालू केली आणि पहिलंच वाक्य बोलले, "माझं गणित चुकलेलं आहे."

प्राचार्यांनी घाईघाईनं जेवण वाढायला सांगितलं. समितीनं अहवालात कॉलेजच्या बागेचं फार कौतुक केलं. पाइप घरी परत आला आणि स्टाफरूममध्ये सरांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली.

त्याच आठवड्यात माझी आई तापानं वाशीमच्या दवाखान्यात होती. सलाइनच्या नळीत बुडबुडा दिसला की ती जीव मुठीत धरायची. मी औषधं घेऊन आलो तर पलंगाशी स्टुलावर सलीम सर.

"एवढुशानं काही होत नाही, माय. मी पाहून राह्यलो ना."

"पण मास्तर, तुमचे ते गच्चीवरचे बुडबुडे कडेले काहून जाते?" आईनं विचारलं.

सरांनी स्टूल पुढं ओढलं. मग हातांनी हवेत भोवरे काढत अर्धा तास बोलले. मधेच थांबून म्हणाले, "असं कोनी इचारत नाही, माय. घरवाली होती तवा इचारे. समजत नव्हतं तिले काही. पन 'मंग?' म्हणत जाय."

आईचे डोळे मिटत आले होते. न उघडताच ती म्हणाली, "मंग?"