अमोनियाचा तलाव

वसुबारसेच्या आदल्या दिवशी उत्तरा सीताबर्डीच्या बाजारातून रिकामी पिशवी घेऊन परत आली आणि उंबरठ्यातच म्हणाली, "एका रंगीत कागदाचे पस्तीस पैसे म्हणते तो. फीत वेगळी. आकाशकंदिलाची किंमत मी विचारलीच नाही, दुरूनच पाहून आली."

"कायले विचारत फिरतं?" गिरिधर खाटेवर पडल्या पडल्या म्हणाला. "या दिवाळीले आपल्याले कागद घ्यायचाच नाही."

गिरिधरची नजर छतावर होती. गेले दोन महिने त्याला छतावर एक घर दिसत असे. तीन खोल्या, पूर्वेला ओटा, ओट्यावर झोपाळा. झोपाळ्याच्या कड्या कधी पितळेच्या असत, कधी लोखंडाच्या. ते त्या दिवशीच्या जेवणावर अवलंबून असे. घर तयार होतं, फक्त खाली जमीन नव्हती.

जमीन नंदनवन वस्तीच्याही पलीकडे होती. रुपराव नावाच्या शेतकऱ्यानं आपल्या शेताचा लेआउट पाडून चाळीस प्लॉट काढले होते आणि नऊ महिन्यांत त्यांतला एकही विकला गेला नव्हता. तिथं जायचं म्हणजे बस सोडून पाऊण तास चालावं लागे. वाटेत बाभळी लागत, आणि पोचल्यावर पुन्हा बाभळी. गिरिधरला मात्र त्यातला सत्तावीस नंबर आवडला होता. रुपराव म्हणाला होता, "तुळशीच्या लग्नापर्यंत इसार आणून दे गा. तोवर तो मी कोनालेच देत नाई." मागायलाही कोणी येत नव्हतं, त्यामुळे हा शब्द पाळणं रुपरावला सोपं जात होतं.

इसाराला थोडे पैसे कमी पडत होते. ते दिवाळीतून काढायचे असं नवराबायकोचं ठरलं होतं.

"मग भाऊबीजेचं लुगडं काय असंच उघडं नेऊन द्यायचं?" उत्तरानं विचारलं. "तुमची ताई तर काही म्हणणार नाही, पण भाऊजी वर्षभर म्हणत राहतीन."

गिरिधर उठला आणि त्यानं खाटेखालून कागदांची एक जाड सुरळी बाहेर काढली. खोलीत असा वास पसरला की उत्तरा दोन पावलं मागं सरली.

गिरिधर दत्तोपंत सर्व्हेअरांकडे नकाशे काढायच्या कामावर होता. आश्विनातल्या एका दुपारी, डबा खाऊन झाल्यावर, तो रुपरावच्याच लेआउटचं ट्रेसिंग करत बसला होता. बाहेर ऊन असं पडलं होतं की रस्त्यानं जाणारा सायकलवालासुद्धा झोपेत पायडल मारतोय असं वाटावं. गिरिधरच्या मनात आलं, सत्तावीस नंबरसमोर थोडं पाणी असतं तर बरं झालं असतं. त्यानं शेजारच्या मोकळ्या जागेवर एक तलाव काढला. अगदी लहान, न्हाणीघराएवढा. तेवढ्यात त्याचा डोळा लागला. हाताचा मात्र लागला नाही.

जाग आली तेव्हा तलावानं सगळी मोकळी जागा व्यापली होती. गिरिधरचा हात मुळात शिस्तीचा. झोपेतही तो कोणाच्या हद्दीत शिरला नव्हता; फक्त सत्तावीस नंबर पाण्यानं पोटात घेतला होता. चारी बाजूंनी घाट होते. दोन नावा होत्या. मधोमध सुवाच्य तिरप्या अक्षरांत 'तलाव' असं लिहिलेलं होतं. तो खोडावा म्हणून गिरिधर ब्लेड शोधायला उठला, तोवर दत्तोपंतांनी न बघता त्या ट्रेसिंगच्या अमोनियाच्या वाफेवर तीस प्रिंट काढून ठेवल्या होत्या.

"इथं तलाव कुठला?" दत्तोपंतांनी चष्मा लावून विचारलं.

"झोपेत निघाला, साहेब."

दत्तोपंतांनी नकाशाकडे थोडा वेळ पाहिलं. "नावा चांगल्या आल्यात," ते म्हणाले. "रद्दीत टाक हे सगळं. नवीन ट्रेसिंग कर. आणि दुपारचं जेवण कमी कर."

गिरिधरनं जेवण कमी केलं, पण तीस कोरे करकरीत कागद रद्दीत टाकणं त्याच्या जिवावर आलं. तो ते घरी घेऊन आला. वास जावा म्हणून उत्तरानं ते दोन दिवस दोरीवर वाळत घातले. त्यानंतर वास कागदांना येत होता आणि कपड्यांनाही येत होता.

पण कागद दिसायला फार सुरेख होता. पांढऱ्यावर निळ्या-जांभळ्या रेघा, आणि मधोमध गडद निळं पाणी. उत्तरानं ताईचं लुगडं अशा बेतानं गुंडाळलं की तलाव बरोबर वर यावा. फराळाचे आठ डबे गुंडाळले. दिव्यांमागच्या भिंतीला दोन कागद लावले. राहिलेल्यांतून गिरिधरनं बांबूच्या कामट्या आणि कणकेची खळ घेऊन आकाशकंदील केला. संध्याकाळी त्यात बल्ब लावला तेव्हा अंगणातली भिंत निळसर झाली. वारा आला की कंदील हाले, आणि भिंतीवरचं पाणी सावकाश इकडून तिकडे जाई. दोघं पायरीवर बसून ते बघत राहिले. उत्तराला तर एकदा वल्ह्याचा आवाजही आला, पण खाली घरमालकीण यमुताई ताक घुसळत होत्या.

भाऊबीजेला दोघं प्रतापनगरला शोभाताईंकडे गेले. ओवाळून झालं. गिरिधरनं ताटात पुडकं ठेवलं. शोभाताईंनी ते उचलून जवळ नेलं आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"काय झालं वं?" त्यांचे यजमान मधुकरराव म्हणाले. "दरवर्षी देते तो लुगडं. आजच काहून रडून राहिली?"

"मी कुठं रडून राहिली," शोभाताई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "आपोआप येऊन राहिलं."

मधुकरराव सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. हातात आलेला कुठलाही कागद वाचल्याशिवाय ते सोडत नसत. किराण्याच्या पुड्यासुद्धा सोडवून वाचायच्या आणि घडी घालून ठेवायच्या. त्यांनी लुगडं बाजूला ठेवलं, कागद मांडीवर पसरला आणि चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"हा तलाव कधी होऊन राहिला?"

"तो काही नाही, भाऊजी," गिरिधर म्हणाला. "वाया गेलेला कागद आहे. तिथं बाभळी आहेत."

"आज बाभळी आहेत."

"उद्याही बाभळीच आहेत. मी झोपेत काढला तो."

मधुकररावांनी बायकोकडे असं पाहिलं, जणू तिचा भाऊ आज पहिल्यांदा मोठा झाला. मग उठून त्यांनी दार लोटलं. "गिरिधर, सतरा वर्षं मी सरकारी कागद पाहून राहिलो. जे खोटं असते ना, ते बोर्डावर लावते. जे खरं असते, त्याले वाया गेलं म्हणते अन रद्दीत टाकते. तुले कोणी टाकायले सांगतलं?"

"साहेबांनी."

"नवीन करायले सांगतलं?"

"हो."

"बिना तलावाचा?"

"हो."

"बस झालं," मधुकरराव म्हणाले. "आता तू काही बोलू नको. तुझी नोकरी जाईन."

दुसऱ्या दिवशी मधुकररावांनी रजा टाकली आणि रुपरावकडून काठालगतचे दोन प्लॉट घेतले, अकरा आणि बारा. तिसऱ्या दिवशी त्यांच्या कचेरीतले चौघं गेले. मधुकररावांनी प्रत्येकाला ही गोष्ट कोणालाही सांगू नका म्हणून बजावलं होतं, त्यामुळे ती फार लवकर पसरली. ज्यांना फराळाचे डबे गेले होते त्यांनी डबे परत केले, कागद ठेवून घेतले.

मग कंदिलाखाली माणसं जमू लागली. आधी यमुताई आल्या. "दिवाळी सरली गा, कंदील काहून नाही उतरवला?" असं विचारायला त्या आल्या आणि मान वर करून तशाच उभ्या राहिल्या. दुसऱ्या संध्याकाळी तिथं सात जण होते. तिसऱ्या संध्याकाळी यमुताईंनी अंगणात सतरंजी घातली. माणसं हळू आवाजात बोलत, देवळात बोलावं तसं. कोणी म्हणे, "जरा फिरव गा, तिकडचा घाट पाहू दे." गिरिधर कंदील फिरवी आणि फिरवता फिरवता सांगे, "हा तलाव नाही. माझं ऐका, तिथं काही नाही."

"बिचाऱ्याले बोलता येत नाही," यमुताई शेजारणीला सांगत. "वरून दाब आहे." एवढं सांगून त्यांनी तेरा नंबर घेतला.

गिरिधर जितकं नाही म्हणे तितका भाव चढे. पहिले दोन दिवस तो शांतपणे नाही म्हणाला, तेव्हा भाव सव्वापट झाला. तिसऱ्या दिवशी त्यानं तुळशीवर हात ठेवून नाही म्हटलं आणि भाव दुप्पट झाला. उत्तरानं त्याचा हात धरून त्याला आत नेलं.

"तुम्ही आता नाही म्हणणं बंद करा," ती म्हणाली. "आपल्याले परवडत नाही."

शेवटी तो दत्तोपंतांकडे गेला. साहेबांच्या टेबलावर अर्जांचा गठ्ठा होता. सगळ्यांना नकाशाची प्रत हवी होती, आणि ती तलावाचीच हवी होती.

"साहेब, तुम्ही तरी सांगा त्यांना."

"सांगितलं," दत्तोपंत थकून म्हणाले. "काल एकाला सांगितलं की हे सगळं एका ट्रेसरच्या झोपेतलं आहे. तो माझ्या पाया पडला आणि म्हणाला, साहेब, तुम्ही सांभाळून राहा."

तुळशीच्या लग्नाच्या सकाळी गिरिधरनं इसाराचे पैसे रुमालात बांधले. पैसे बरोबर जमले होते, पण ते जुन्या भावाचे होते. बस सोडून पाऊण तास चालताना त्यानं ओट्याचा झोपाळा काढून टाकला. थोडं पुढं गेल्यावर ओटा काढला. मग एकेक खोली. शेवटच्या वळणापर्यंत त्याच्याजवळ एक चूल आणि उत्तरा एवढंच उरलं होतं. उत्तरा खरीच मागून येत होती.

रुपराव बाभळीखाली लोखंडी खुर्चीवर बसला होता. नऊ महिन्यांत पहिल्यांदाच त्याचं धोतर पांढरं होतं. गिरिधरला पाहून तो उठला आणि खाली बघू लागला.

"आलास गा," तो म्हणाला. "मी तुलेच आठवत होतो. एकोनचाळीस प्लॉट गेले. मले तर रातीले झोप नाई. माह्या बापानं इथं अख्खी जिंदगी पानी शोधलं, त्याले लोटाभर सापडलं नाई, अन हे लोकं नावा कुठी बांधाच्या ते विचारून राहिले."

"सत्तावीस?" गिरिधरनं विचारलं.

रुपराव आणखी खाली बघू लागला. "तेच तर सांगून राहिलो. सत्तावीस कोनी घेत नाई. दहा जनाले दाखवला. सारे म्हनते, पान्यात घर कोन बांधन? तो पार मधात येऊन राहिला. म्या तुले शब्द देल्ला होता, अन आता तुह्यापाशी कोन्या तोंडानं पैसे मागू?"

गिरिधरनं रुमाल पुढं केला.

रुपरावनं गाठ सोडली, अर्धे पैसे घेतले आणि अर्धे परत बांधून दिले. "एवढेच इसार म्हनून. बाकी भाव बी अर्धाच," तो म्हणाला. "माह्या जिवाले बरं नाई वाटत तुले पान्यातली जागा विकाले. तुही घरवाली काय म्हनन?"

घरवाली आधीच सत्तावीस नंबरवर जाऊन उभी होती. गिरिधर तिच्याजवळ गेला. सगळीकडे कोरडी काळी माती, तिला बोटभर रुंद भेगा. पायाखाली ढेकळं फुटत होती. त्यानं झोपाळ्याची जागा दाखवली. तिनं चुलीची जागा बदलली. झोपाळ्याच्या कड्या पितळेच्याच घ्यायच्या, असं ठरलं.

अकरा नंबरवर मधुकरराव आणि शोभाताई सतरंजी टाकून चिवडा खात बसले होते. तेरा नंबरवर यमुताई होत्या, आणि त्यांच्यापलीकडे कचेरीतली मंडळी. सगळे एकाच बाजूला तोंड करून बसले होते, बोलत नव्हते. मोकळ्या जागेवरून वारा येत होता आणि तो गार आहे असं एकमेकांना खुणेनं सांगत होते. मधुकररावांनी पायजमा दुमडून पाय पुढं सोडले होते.

"गिरिधर," त्यांनी हाक मारली. "किती वेळ मधात उभा राहशीन? इकडे काठावर ये. आणि तिले जरा धरून आण."

"सांभाळून गा," यमुताई म्हणाल्या. "घाटापाशी शेवाळ असते."

गिरिधरला वाटलं, शेवटचं एकदा सगळ्यांना स्पष्ट सांगावं. त्यानं तोंडही उघडलं. तेवढ्यात उत्तरा पुढं निघाली. ढेकळांतून अकरा नंबरकडे जाताना तिनं दोन्ही हातांनी निऱ्या घोट्यांच्या वर उचलून धरल्या होत्या, आणि पाय अंदाजानं टाकत होती.

गिरिधर थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग त्यानं तोंड मिटलं, वाकून चपला काढून हातात घेतल्या, आणि तोही सावकाश काठाकडे निघाला.