सारवलेली वाट

सकाळचे साडेसहाही वाजले नव्हते आणि तळ्यापर्यंत धर्मेंद्रच्या चार फेऱ्या झाल्या होत्या. त्याचे नवे बूट चर्रचर्र वाजत होते. लांजीकडच्या या जंगलवाटेवर आज पक्षी बघायची पहिली फेरी होती, सर्वांसाठी. म्हणजे व्हीलचेअरवरच्या शेवंताबाईंसाठी आणि दृष्टी नसलेल्या प्रीतमसाठीसुद्धा. रेंजर मॅडमना ती पसंत पडली, तर फेरी दर रविवारी निघणार आणि धर्मेंद्र कायमचा गाईड होणार. नाहीतर नाक्यावर पंक्चर काढणं होतंच.

वळणावर तो थबकला. खडीचा वीस पावलांचा तुकडा ओल्या शेणामातीनं चकचकत होता. कडेला रांगोळीही होती.

"पौर्णिमा! हे काय केलं व?"

"तूच म्हणलं ना, खुर्चीले दचके नाही बसले पाह्यजे," त्याची बायको बादली विसळत म्हणाली. "पाहुणे येऊन राह्यले, मंग सारवलं. चांगलं बोटभर जाड."

"आन् वाळलं नाही तं?"

"ऊन निघालं का वाळते."

ऊन निघायच्या आत पाहुणे आले, सोबत रेंजर मॅडमही. शेवंताबाईंची खुर्ची मधोमध पोचली आणि चाकं रुतली. धर्मेंद्रनं मागून सगळा जोर लावला. खुर्ची हलली नाही, त्याचे बूट मात्र रुतले. त्यानं पाय ओढले. पाय आले, बूट राहिले.

"बस पाँच मिनट, मॅडम! पक्षी सब आगे है, तालाब पे!" असं म्हणत तो अनवाणीच खुर्चीभोवती घिरट्या घालू लागला. गेली नोकरी, असं त्याचं मन सारखं म्हणत होतं.

"अरे बाबू, काहून नाचून राह्यला?" शेवंताबाई म्हणाल्या. "बस खाली."

मॅडमनीही खूण केली. तो बसला, पण जीव काही थाऱ्यावर नव्हता.

जरा वेळानं प्रीतमनं मान वर केली. "धर्मेंद्रभाऊ, तुमचे बूट थांबले, तुमी बी बसले, तवा कुठं पाखरं बोलून राह्यले. उजवीकडं कोतवाल हाय. मांगं सातभाई."

ओल्या शेणावर किडे जमले होते. किड्यांसाठी साळुंक्या आल्या, मग शेपटी हलवत धोबी पक्षी आला आणि शेवटी तुरेवाला हुदहुद थेट खुर्चीच्या चाकापाशी उतरला.

"माय व!" शेवंताबाई पुटपुटल्या. "सारा जलम गेला, इतक्या जवळून नाही पाह्यला."

धर्मेंद्रला हसावं की रडावं कळेना. तळ्यावर त्यानं स्वतःही एका सकाळी इतके पक्षी कधी पाहिले नव्हते.

मॅडमनी तिथंच कागद काढला आणि फेरी मंजूर केली. "एक कॉलम रह गया," त्या म्हणाल्या. "विशेष मदद किसको लगती है?"

"मले नाही," प्रीतम म्हणाला.

"मले बी नाही," शेवंताबाई म्हणाल्या. "या पोराले लिवा. याले एका जागी बसवाले माणूस लागते."

पुढच्या रविवारी धर्मेंद्र चर्रचर्र करत पोचला, तेव्हा शेवंताबाई आधीच हजर होत्या. मांडीवर त्यांनी घरून आणलेलं स्टूल होतं.

"बूट तिथंच काढ," त्या म्हणाल्या, "आन् बस."